दोन पाहुणे

सोलापूर जिल्ह्यात दोन पाहुणे येतात. पहिला हिवाळ्यात उजनी धरणाच्या पाणफुगवट्यावर उतरतो. रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो. लांबसडक पाय चिखलात रोवायचे, मान वाकवून चोच उलटी पाण्यात बुडवायची आणि पाणी गाळून शेवाळ, बारीक जीव तेवढे टिपायचे, हा त्याचा दिनक्रम. अंगावरचा गुलाबी रंगही या खाण्यातूनच येतो. त्याला पाहायला लोक होडीतून जातात.

दुसरा कुणाला दिसत नाही. डाळिंबावरच्या तेल्या रोगाचा जिवाणू. पावसाच्या उडत्या थेंबांबरोबर तो या झाडावरून त्या झाडावर जातो, पानाच्या रंध्रातून किंवा जखमेतून आत शिरतो. आधी पानावर तेलकट ठिपका, मग फळावर काळपट डाग, आणि शेवटी भरलं फळ तडकतं. वर्षाची मेहनत मातीमोल!

पाणी दोघांनाही हवं. पण रोहित स्वतःच्या पंखांनी येतो आणि जातो. तेल्याला मात्र लांबच्या बागेत पोचवतो माणूसच: रोगट बागेतली गुटी कलमं आणून, छाटणीची कात्री निर्जंतुक न करता पुढच्या झाडाला लावून.

कानावर आलेली अफवाही अशीच पसरते. आपल्या मनात वाईट काहीच नसतं, फक्त हात धुवायचे राहून गेलेले असतात. म्हणून जाणता बागायतदार प्रत्येक झाडानंतर कात्री औषधाच्या द्रावणात बुडवतो. मोबाईलवर आलेला निरोप पुढे ढकलण्याआधी आपणही तेवढं थांबायला काय हरकत आहे?