बोरिंगला विचारायचा प्रश्न

साध्या साधनावर विश्वास ठेवायला गडचिरोलीला बाहेरचे दाखले नकोत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या सुइणींच्या हाती बाळाचे श्वास मोजायचे एक साधन दिले होते. एका मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांच्या ओळी, एवढेच. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेल्या मण्यापर्यंत पोचलो, तर न्यूमोनियाचा संशय धरायचा. पन्नास-साठपर्यंत मोजता न येणारी बाईही निदान करू लागली. कौतुक झाले ते त्या मण्यांचे, पण मणी कामाला आले ते औषधही गावातच ठेवले होते म्हणून.

पिण्याच्या पाण्यातल्या आर्सेनिकची गावपातळीवरची चाचणी मी याच मापाने मोजतो. चाचणी सोपी आहे. तिच्या आधीचे आणि नंतरचे काम अवघड आहे.

आधीचे काम म्हणजे ‘या पाण्यात आर्सेनिक आहे का?’ हा प्रश्न विचारणे. चंद्रपूरकडे पाण्याचा दोष म्हटला की फ्लोराइडच आठवते, आणि ते चूक नाही. दातांवरचे डाग दिसतात तरी. आर्सेनिक दिसत नाही. त्याला रंग, वास, चव काही नाही. लोहाने लाल झालेले पाणी बाई लगेच नाकारते, आर्सेनिकचे नितळ पाणी मात्र आनंदाने भरते. तळहात-तळपायांवर खरखरीत गाठी आणि अंगावर थेंबाथेंबांचे डाग उमटायला वर्षे जातात. कर्करोग आणखी उशिरा येतो.

हा प्रश्न इथे का विचारायचा? कोरचीच्या पूर्वेला सीमा ओलांडली की छत्तीसगडचा अंबागड चौकी भाग लागतो. तिथल्या कौडीकसा गावच्या पाण्यातले आर्सेनिक जादवपूर विद्यापीठाच्या दीपंकर चक्रवर्ती यांच्या गटाने १९९९ मध्ये जगापुढे आणले. सर्वाधिक प्रमाण होते लिटरमागे ८८० मायक्रोग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी आज मान्य मर्यादा १० आहे. बंगालमध्ये आर्सेनिक नदीच्या गाळातले, कौडीकसाकडे ते जुन्या ज्वालामुखी खडकांतले आणि ग्रॅनाइटमधले. म्हणून शेजारच्या दोन बोरिंगचे पाणी सारखे असेलच असे नाही. गावाचा एक नमुना तपासून गावाला प्रमाणपत्र देणे इथे निरर्थक आहे. तपासायचे ते प्रत्येक बोरिंग.

चाचणीची रसायनविद्या जन्मली विषप्रयोगाच्या खटल्यांत. जेम्स मार्शने १८३६ मध्ये प्रेतातले आर्सेनिक दाखवायची रीत काढली. गुटझाइटने पुढे तिचे सोपे रूप केले, आणि तेच आज पेटीत मिळते. बाटलीत रेघेपर्यंत पाणी घ्यायचे, आम्लाची पूड टाकायची, मग जस्ताची, आणि मर्क्युरिक ब्रोमाइडची पट्टी अडकवलेले झाकण झटकन लावायचे. पाणी फसफसते. आर्सेनिक वायू होऊन वर येते आणि पट्टी पिवळी पडते. प्रमाण जास्त असेल तर तपकिरी. वीसेक मिनिटांनी पट्टी रंगांच्या तक्त्याशी ताडून पाहायची. हा वायू विषारी, म्हणून काम खोलीत नाही, अंगणात. पण पट्टीवर ऊन पडू द्यायचे नाही. वापरलेल्या पट्टीत पारा असतो, ती चुलीत टाकायची नाही.

प्रयोगशाळावाले म्हणतात, पेटी अचूक नाही. खरे आहे. १० की २० यावर दोघांची दोन मते होतील. पण ५ आणि ३०० यांत गल्लत होत नाही, आणि जीव वाचतात ते तिथेच. सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर; पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावर चढली की भामरागड तुटते. तिथल्या बाटल्यांनी रांगेत उभे राहायचे कशाला? संशयाचे नमुने तेवढे प्रयोगशाळेकडे जावेत.

मोठ्या संस्थाही प्रश्न विसरतात. ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेने १९९२ मध्ये बांगलादेशातले पाणी तपासले, पण त्यात आर्सेनिक पाहिलेच नाही. प्रकरण लंडनच्या कोर्टांत गेले आणि २००६ मध्ये संस्था सुटली. कायद्याने सुटली असेल. ते पाणी लोक पीतच राहिले होते. आपल्याकडे ग्रामपंचायतींना हिरवी, पिवळी, लाल कार्डे मिळतात. चांगली पद्धत आहे, पण ती मुख्यतः स्रोताभोवतीची घाण आणि रोगराईचा धोका बघते. हिरवे कार्ड असलेल्या गावाला ‘आर्सेनिकचे काय?’ विचारले, तर कार्डाला उत्तर देता येणार नाही. जलजीवन मिशनने गावोगावच्या बायकांना पाणी तपासायला शिकवले आहे. हात तयार आहेत. त्यांच्या पेटीत ही पट्टी घालायला हवी.

आता नंतरचे काम. पट्टी पिवळी झाली, पुढे काय? उकळून भागत नाही. पाणी आटते, आर्सेनिक राहते. बोरिंगचा दांडा काढून नेणे ही सरकारी हौस. धुण्याभांड्यांना ते पाणी चालते. बांगलादेशात नळकूपांना लाल-हिरवा रंग दिला, तरी हिरवा नळकूप लांब असेल तिथल्या बायका लालवरच गेल्या. त्यांना दोष कसा देणार? इथे औषध म्हणजे चालत जाण्याजोगे दुसरे पाणी. म्हणून पेटी उघडण्याआधी गावाने आपल्या विहिरी, बोरिंग आणि त्यांच्यातली अंतरे कागदावर मांडावीत. मेंढा-लेखासारख्या गावांनी जंगलाचा हिशेब ग्रामसभेत बसून, अभ्यासगट करून ठेवला आहे. बोरिंगांची यादीही त्याच वहीत चढावी: कुठले तपासले, कधी, पट्टीचा रंग कोणता, आणि तो पिवळा किंवा तपकिरी निघाला तर त्या वस्तीने उद्यापासून कुठले पाणी भरायचे.