दूरच्या मित्रासाठी हाताने केलेली भेट



फिलिप्पैकरांनी तुरुंगातल्या संत पौलाला एपफ्रदीताच्या हाती भेट पाठवली. त्या सेवेत तो मरणाच्या दारी टेकला (फिलिप्पै २:३०). पौल त्या भेटीला देवाला रुचणारा सुवास म्हणतो (४:१८). आज पार्सल टपालाने जाते, तरी आपण पाठवत नाही.

सातारा-सांगलीकडच्या आयाबाया जुन्या लुगड्यांची वाकळ शिवतात. दूर गेलेल्या मैत्रिणीने ती उलगडली की ओळखीचा काठ दिसतो. विकतच्या कंदी पेढ्यांनी हे साधत नाही.

मला शिवणकाम येत नाही. पण एका मित्राशी माझा जुना अबोला आहे. अर्पणाच्या वेळी नेमका तोच आठवतो (मत्तय ५:२३). त्याच्यासाठी जपमाळ ओवली आहे. पत्ता मात्र अजून त्याच्या बहिणीकडून मागायचा आहे.