कूस बदलताना

सावकाश बसा. पाठ टेकवा, हात मांडीवर सैल सोडा. श्वास जसा येतोय तसा येऊ द्या.

आता अकलूजच्या एखाद्या दवाखान्यातली रात्र डोळ्यांसमोर आणा. खाटेवर कुणाचे तरी अण्णा आहेत. घरघर लागलीय. लेक पुण्याहून निघालाय, इंदापूर मागं टाकलंय म्हणे; सराटीचा पूल ओलांडला की पोचलाच. सून तुळशीचं पान आणि गंगेच्या पाण्याची लोटी घेऊन उभी आहे.

सिस्टर तिला अडवत नाहीत. "पान ओठांवर ठेवा, ताई. पाणी मात्र चमच्यानं घालू नका, गिळता येत नाही त्यांना, श्वासनळीत जाईल. कापूस भिजवून ओठ ओले करा." कापसाचा बोळा सुनेच्या हातात येतो.

इथं थोडं थांबा. त्या बोळ्याकडं बघा. रीत राहिली, अण्णांना ठसका लागला नाही, आणि कावरीबावरी झालेली बाई कामाला लागली. धीर द्यायचा म्हणजे गोड बोलायचं, असं आपण धरून चालतो. मला वाटतं, त्यातलं निम्मं तरी असं कुणाच्या हाताला काम देण्यात असतं.

सिस्टर अण्णांना हलकेच एका कुशीवर घेतात, घरघर जरा उतरते. त्याआधी त्यांच्या कानाशी सांगतात, "अण्णा, कुशीवर वळवते हं." ऐकू येत असावं, असं धरूनच. मग घरच्यांना: "आता श्वास मधेच थांबेल, परत येईल. पाय गार पडतील. घाबरू नका, बोलत राहा त्यांच्याशी." पुढं काय होणार हे कळलं की माणसं धावपळ सोडून खाटेशी बसतात.

तुमचा श्वास पुन्हा एकदा बघा.

आता मुंबईच्या केईएममध्ये या. अरुणा शानबाग तिथल्याच परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ ला त्यांच्यावर हल्ला झाला, आणि १८ मे २०१५ पर्यंत त्या तिथंच खाटेवर होत्या. त्यांना मरू द्यावं का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. केईएमच्या परिचारिका नको म्हणाल्या. ७ मार्च २०११ ला याचिका फेटाळली गेली. त्यावर दोन मतं असू शकतात, मलाही ते सोपं वाटत नाही. पण एवढ्या वर्षांत अंगाला बेडसोर होऊ दिला नाही, त्यावर दुसरं मत कसलं? दर थोड्या तासांनी कूस बदलायची, पाठ पुसायची, चादरीची सुरकुती काढायची. पाळी संपली की पुढचीनं तेच करायचं.

अरुणाताईंचं नाव देशाला कळलं. त्यांना वळवणाऱ्यांची नावं आपल्यातल्या किती जणांना सांगता येतील?

आपल्या घरातलं शेवटचं आजारपण आठवा, सोसेल तेवढंच. खाटेशी कोण सिस्टर होत्या? नाव येत नसेल, तर त्यांनी तुम्हाला काय करायला सांगितलं होतं ते आठवा: तळपाय चोळायला, ओठ ओले करायला, नाहीतर गावाकडं फोन लावायला. आणि ते करताना तुम्ही खाटेच्या कुठल्या बाजूला होता, तेही बघा.