नवजात अतिदक्षता विभागात रुजू झालेल्या भाचीस

प्रिय भाचीस,


तुझी ड्यूटी एनआयसीयूत लागल्याचं ताईकडून कळलं. व्हेंटिलेटरची भीती कधी जाते, असं तू विचारलंस. थोडी राहू दे. हे यंत्र बाळाला जगवतं आणि त्याच वेळी त्याच्या फुफ्फुसाला इजाही करू शकतं. गरज आहे तेवढाच आधार द्यायचा, त्याहून जराही जास्त नाही, हेच आपलं काम.

28 आठवड्यांचं, किलोभराचं बाळ डोळ्यांसमोर आण. त्याच्या फुफ्फुसात वायुकोश उघडे ठेवणारं सरफॅक्टंट पुरेसं तयार झालेलं नसतं. त्यामुळे श्वास सोडला की वायुकोश मिटतात आणि ते पुन्हा उघडण्यात बाळाची सगळी ताकद संपते. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी हे 1959 साली दाखवून दिलं. तरी 1963 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि 39 तासांत गेला. वजन दोन किलोंच्या वर होतं. कारण कळलं होतं, पण उपाय हाती नव्हता. सतत दाब देऊन वायुकोश उघडे ठेवायची जॉर्ज ग्रेगरींची पद्धत, म्हणजे आपला सीपॅप, 1971 ची. जपानच्या फुजिवारांनी गाईच्या फुफ्फुसापासून केलेलं सरफॅक्टंट बाळांना दिलं, त्याचा अहवाल 1980 चा. आज तसं बाळ चांगल्या युनिटमधून सहसा घरी जातं.

किलोभराच्या बाळाला एका श्वासाला चार ते सहा मिलिलिटर हवा पुरते, म्हणजे चहाचा एक चमचा. जास्त ढकलली तर वायुकोश फाटू शकतात. श्वासनलिकेत घातलेली व्हेंटिलेटरची ट्यूब आतून जेमतेम अडीच मिलिमीटर, चिकट स्रावाच्या एका थेंबानेही तुंबते. बाळाची हनुवटी छातीकडे झुकली की ट्यूब आत सरकते, मान मागे गेली की वर येते. म्हणून बाळाला हलवण्याआधी आणि नंतर ओठाजवळचा सेंटिमीटरचा आकडा वाच. एवढ्या बाळाला तो साधारण सात असतो.

अलार्म वाजला की आधी बाळाकडे बघ, मॉनिटरकडे नंतर. छाती दोन्हीकडे सारखी हलतेय का? ट्यूब निघाली की तुंबली? एका बाजूला फुफ्फुसाबाहेर हवा साठलीय का? एखादा जोड सुटलाय का? आणि हे तर कायम लक्षात ठेव : ट्यूब स्वरतंतूंमधून गेलेली असते, त्यामुळे ही बाळं रडतात तेव्हा आवाज येत नाही. तोंड उघडतं, कपाळावर आठ्या पडतात, मुठी आवळल्या जातात. पाठ करून बसलीस तर त्याचं रडणं तुला कळणारच नाही.

ऑक्सिजनच्या बाबतीत मी कडक बोलणार. 1940 नंतरच्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना भरमसाट ऑक्सिजन दिला गेला आणि जगभरात सुमारे 10 हजार मुलं आंधळी झाली. मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी 1951 मध्ये त्याकडे बोट दाखवलं. मग सगळ्यांनी हात आखडला, तर बाळं दगावू लागली. आता बहुतेक ठिकाणी रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन 90 ते 95 टक्क्यांच्या मध्ये ठेवतात. ते पडलं की नॉब वर फिरवायचं सगळ्यांना सुचतं, बाळ सावरल्यावर खाली आणायचं मात्र राहून जातं. 98 दिसले की घरचे खूश होतात. पण ऑक्सिजनवरच्या बाळाचे 98 मला कधीच आवडले नाहीत. त्याची किंमत त्याचे डोळे मोजतात.

ट्यूब जितके दिवस राहील तितकं फुफ्फुस खराब होण्याचं आणि जंतुसंसर्गाचं भय वाढतं. तेव्हा रोज राउंडला डॉक्टरांना विचार, आज काढता येईल का? नवी सिस्टर म्हणून बिचकू नकोस. बाळाजवळ तासन् तास तूच असतेस.

सक्शन घड्याळ बघून करू नकोस. गरज असेल तेव्हाच कर, कॅथेटर ट्यूबच्या टोकापलीकडे घालू नकोस, काही सेकंदांत बाहेर ये. सुरुवातीचे महिने तर ते एकटीने करूच नकोस. वॉर्ड कितीही भरलेला असो, शेजारच्या सिस्टरला हाक मार.

तुझी,
मावशी