घरातलं एअरबस, नांदेडचं एटीआर

मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये 2020 पासून सगळी पृथ्वी आहे. म्हणजे पूर्णा आणि नांदेडच्या मधलं चुडावाही आहे. वरून पाहिलं तर काळी रानं खरी, लोहमार्ग खरा. घरं मात्र अंदाजाची. छायाचित्रात छप्पर दिसलं की त्याखाली संगणकानं आपल्या मनचं एखादं घर उभं करायचं, अशी ती रीत. नकाशातल्या एका टंकनचुकीमुळे मेलबर्नमध्ये दोन मजली इमारतीच्या जागी 212 मजल्यांचा सुळका उभा राहिला, तेव्हा सिम्युलेटरवर विमानं उडवणारी सिमर मंडळी पोट धरून हसली. विमानाच्या आत अशी चूक निघाली तर मात्र हीच मंडळी हातघाईवर येतात. बाहेरचं जग ढोबळ असलं तरी चालतं, कॉकपिट काटेकोर हवं.

या काटेकोरपणावर एक बाजार उभा आहे. खेळासोबत येणारं विमान गंभीर माणसाला पुरत नाही; तो वेगळं ॲड-ऑन विकत घेतो. 2022 च्या मे महिन्यात पीएमडीजीचं बोइंग 737 आणि फेनिक्सचं एअरबस ए320 असे दोन नामांकित नग लागोपाठ आले. फेनिक्सची किंमत 50 पौंडांच्या आसपास. फ्लायबायवायर नावाच्या स्वयंसेवकांच्या गटानं बनवलेलं ए320 तर फुकट मिळतं, आणि ते पुष्कळ विकतच्या विमानांहून सरस आहे. यांची प्रतवारी ठरते ती किती आतपर्यंत चालतं यावर. बंद, अंधाऱ्या विमानात बसून बॅटरीपासून सुरुवात करता येते का? सर्किट ब्रेकर ओढला तर नेमका तोच पडदा विझतो का? जनरेटर बंद पडला तर कोणत्या यंत्रांची वीज जाते? (मराठवाड्यातल्या खेड्यात हा शेवटचा प्रयोग वेगळा मांडावा लागत नाही. वीज गेली की विमान, हवामान आणि वैमानिक तिन्ही एकदम बंद.)

ही सगळी मेहनत कौतुकाची आहे. पण तिच्या यशाचं श्रेय आपण चुकीच्या खात्यावर मांडतो, असं मला वाटतं. घरातलं ए320 खऱ्यासारखं वाटतं ते केवळ घरचा संगणक विमानाच्या उंचीला पोचला म्हणून नव्हे. विमानच उतरून संगणकापाशी आलं आहे. 1988 मध्ये प्रवासी सेवेत आलेल्या ए320 मध्ये वैमानिकाचा हात पंखापर्यंत पोचतच नाही. तो बाजूची छोटी दांडी हलवतो, तिचा अर्थ संगणक लावतो आणि पुढचं काम हायड्रॉलिक यंत्रणा करते. त्या दांडीत असते ती स्प्रिंग. हवेचा जोर तिच्यातून हाताला कळत नाही. ऑटोथ्रस्ट इंजिनांची ताकद कमीजास्त करतो तेव्हा थ्रस्ट लीव्हर जागचे हलत नाहीत. मग टेबलावरच्या जॉयस्टिकमध्ये आणि त्या दांडीत फरक तो कितीसा राहिला? इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यानं मैफलीत तानपुऱ्याची जागा सहज घेतली, तबल्याची घेणं जमलं नाही. तसाच हा प्रकार आहे. जे आधीच ठरावीक नियमानं वाजतं, त्याची नक्कल चोख होते.

अशी नक्कल क्षुल्लक आहे असं मात्र कोणी समजू नये. 14 फेब्रुवारी 1990 रोजी मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ए320 बंगळूरच्या धावपट्टीअलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळलं. 146 पैकी 92 माणसं गेली. विमान ‘ओपन डिसेंट’ अवस्थेत उतरत होतं. या अवस्थेत इंजिनं अगदी मंद राहतात आणि वेग सांभाळला जातो तो नाक वर-खाली करून. हे वैमानिकांच्या वेळेवर ध्यानात आलं नाही. एअरबसमध्ये एकच बटण आत दाबलं तर एक अर्थ, बाहेर ओढलं तर दुसरा. स्वस्त ॲड-ऑनमध्ये काहीही केलं तरी विमान ठरल्या वेगानं गुमान खाली येतं. फेनिक्समध्ये बटण ओढलं की इंजिनं मंदावतात, समोरच्या पडद्यावर वर चार अक्षरं बदलतात आणि ती वाचली नाहीत तर पुढचं सगळं चुकत जातं. त्या अपघातातला यंत्राच्या तर्काचा भाग तरी घरी बसून समजतो, आणि पन्नास पौंडांत तो समजणं हे मला फार मोठं वाटतं.

अडचण सुरू होते ती हात आणि शरीर आलं की. बोइंग 737 मध्ये गुडघ्याजवळचं, विमानाचं नाक तोलणारं ट्रिमचं चाक आजही तारांनी शेपटीशी जोडलेलं असतं. पडद्यावर ते गरगर फिरताना दिसतं, आवाजही हुबेहूब; पण वेग वाढला, शेपटीवर दाब आला की ते हातानं फिरवायला किती जोर लागतो, हे माउसला कसं कळणार? माउस सोडा. 737 मॅक्सच्या दोन अपघातांत 346 माणसं मेल्यानंतर, 2019 मध्ये, बोइंगला मान्य करावं लागलं की वैमानिकांच्या प्रशिक्षणाच्या अधिकृत सिम्युलेटरांनाही त्या चाकाला लागणारा खरा जोर दाखवता येत नव्हता. हलत्या पायांवर उभी असलेली ती कोट्यवधींची यंत्रं नेमकी तिथेच उणी पडली, जिथे जोर संगणकाच्या बाहेर होता.

उणेपणापेक्षा वाईट असतो चुकीचा भरणा. नोव्हेंबर 2001 मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन एअरलाइन्सचं ए300 पडलं. पुढच्या विमानानं ढवळलेल्या हवेत सहवैमानिकानं रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, इतक्या जोरानं, उलटसुलट दाबलं की शेपटीचा उभा पंखच तुटला. रडरची रचना आणि कंपनीचं प्रशिक्षण यांचाही यात वाटा असल्याचं चौकशीत ठरलं. सिम्युलेटरवरच्या त्या सरावात विमान भयंकर कलंडत असे आणि काही क्षण नियंत्रणं मुद्दाम निकामी ठेवली जात. हे सगळं ‘वास्तव’ वाटावं म्हणूनच होतं. भडक वास्तवानं माणसाला खऱ्या हवेची अवाजवी भीती शिकवली असावी, असा तपास संस्थेचा रोख होता. ॲड-ऑनवाले हादरे आणि धक्के वाढवून ‘आता किती खरं वाटतं’ म्हणून मिरवतात, तेव्हा मला हे प्रकरण आठवतं.

हाताला कळणाऱ्या खऱ्या हवेसाठी नांदेडचंच पाहा. 27 एप्रिल 2017 रोजी उडान योजनेची पहिली उड्डाणं झाली, त्यांत नांदेड-हैदराबाद होतं. विमान ट्रूजेटचं एटीआर 72. पंख्याच्या या विमानात पंखांवरचे आणि शेपटीचे मुख्य हलते भाग तारा नि दांड्यांनी थेट हाताशी जोडलेले. झोत आला की तो हातात येतो. त्यात मे महिन्याची दुपार घ्या. धावपट्टी समुद्रसपाटीपासून सव्वा हजार फुटांच्या आसपास. पारा 43 वर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाच्या लेखी नांदेड सुमारे 5000 फुटांवर असतं. उचलायला जास्त धाव लागते, वर चढणं मंदावतं आणि तापलेल्या काळ्या रानावरून उठणारी हवा उतरत्या विमानाला खालून ढुशा देते. एटीआर 2023 पासून मायक्रोसॉफ्टच्या सिममध्येही आहे, पडदे सुरेख आहेत. विरळ हवेचं गणित सिम करतं, कारण ते सूत्रात बसतं. रानावरच्या ढुशा मात्र सूत्रात इतक्या सहज बसत नाहीत.

तरीही परीक्षणं बटणांचीच होतात. बटणं मोजता येतात, आणि चित्रफितीत दिसतात. हाताला लागलेला जोर दिसत नाही. जोर हाताला परत देणारी योक, म्हणजे विमानाची हँडलं, बाजारात मिळतात, पण त्यांची किंमत ॲड-ऑनच्या कितीतरी पट, आणि त्यांनी किती जोर द्यायचा हे शेवटी त्या विमानाच्या कर्त्यानं धरलेल्या अंदाजावरच ठरतं.