सोडलेले उदक

कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात भारहूतच्या स्तूपाचा दगडी कठडा उभा आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास घडवलेल्या या कठड्यावरील एका वर्तुळात जेतवनाच्या दानाची कथा कोरलेली आहे. बैलगाडीतून नाणी उतरवली आहेत, माणसे ती जमिनीवर अंथरीत आहेत आणि श्रेष्ठी अनाथपिंडिक हातात झारी घेऊन उभा आहे. भूमी झाकेल एवढे धन देऊन त्याने उपवन घेतले आणि संघासाठी त्यावर उदक सोडले. मालकी मिळवली, ती सोडण्यासाठीच.

मग सोडलेली वस्तू कोणाची? देणाऱ्याची ती राहत नाही. घेणारा भिक्षूही तिचा धनी होत नाही, कारण दान संघाला असते आणि उद्या येणारा अनोळखी भिक्षूही त्या संघातलाच. ऋषभदत्ताने करजिक गाव दिले, ते चारी दिशांनी येऊन कार्ल्याच्या लेण्यांत वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी. पुढे क्षहरातांची सत्ता गेली, सातवाहनांची आली. तरी ते गाव भिक्षूंकडेच राखल्याची आज्ञा तेथेच कोरलेली आहे. जेत्याने शत्रूचे राज्य घेतले, शत्रूचे दान घेतले नाही.

सर्वत्र असे घडले नाही. आयर्लंडमध्ये ११४२ साली स्थापन झालेला मेलिफॉन्टचा मठ आठव्या हेन्रीच्या राजवटीत, १५३९ मध्ये बंद करण्यात आला आणि पुढे एका सरदाराचे तटबंदीचे घर बनला. तेथील अन्याय उघड आहे. भारहूतचा प्रश्न त्याहून अवघड. १८७३ मध्ये कनिंगहॅम तेथे पोचले, तेव्हा तेथे भिक्षू उरले नव्हते आणि स्तूपाचे बरेचसे दगड आसपासच्या गावांतील घरांच्या भिंतींत गेले होते. गावकऱ्यांनी कोणाचे घेतले? आणि उरलेले कोरीव दगड ज्यांनी कोलकात्याला आणले, त्यांनी कोणाचे आणले?

घेणारा उरला नाही म्हणजे दान संपले, असे मानले तर प्रत्येक परंपरेचा अस्त हा लुटीचा मुहूर्त ठरेल. उलट, दगड जागचा हलूच नये असा आग्रह धरला, तर हा कठडा कदाचित आज पाहायलाही मिळाला नसता. म्हणून संग्रहालयाचा अधिकार मालकाचा नव्हे, राखणदाराचा मानावा. त्याची कसोटी एकच : चारी दिशांनी येणाऱ्यांना हे दार उघडे आहे काय? आणि त्यांत भारहूतच्या शेतकऱ्याचाही समावेश आहे काय? ज्या दिवशी तो येथे परका ठरेल, त्या दिवशी अनाथपिंडिकाने सोडलेले उदक आपण परत झारीत भरलेले असेल.