वाटेवरचा स्वयंपाक आणि दस्तरखान

'स्वयंपाक' या शब्दात 'स्वयं' आहे. आपले आपण शिजवणे, हा त्याचा सरळ अर्थ. घरात तो आपल्या ध्यानात येत नाही, कारण तिथे शिजवणारी एक असते आणि जेवणारे दहा. हा अर्थ प्रवासात उलगडतो. नाशिकजवळ मुंबई-आग्रा रस्त्यावर संध्याकाळच्या वेळी पाहावे. मालट्रकच्या आडोशाला स्टोव्ह पेटलेला असतो, ड्रायव्हर कणीक मळतो, क्लीनर कांदा चिरतो. हाकेच्या अंतरावर ढाबा असतो, तरी हे दोघे शिजवतात. पैसे वाचतात हे खरेच. पण तेवढेच कारण असते, तर पहिली भाकरी फुगताना त्यांच्या तोंडावर हसू आले नसते.

हा आनंद कशाचा? प्रवासात माणूस परक्यांच्या हाती असतो. गाडी केव्हा सुटेल, मुक्काम कुठे पडेल, पाऊस गाठेल का, यातले काहीच त्याच्या ताब्यात नसते. तीन दगड मांडून, वाऱ्याला पाठ देऊन जाळ पेटवला, की जगाचा हातभर तुकडा तरी त्याचा होतो. मीठ किती घालायचे हे तो ठरवतो. परक्या रानात आपल्या मसाल्याचा वास सुटला, की ते रान घटकाभर परके राहत नाही.

नाशिकने याचे मोठे उदाहरण पाहिले आहे. ६ मार्च २०१८ रोजी किसान सभेच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी, त्यांतले बहुसंख्य आदिवासी, नाशिकहून पायी मुंबईला निघाले. सुमारे १८० किलोमीटरची वाट. तांदूळ, डाळ, पीठ, सरपण, मोठी पातेली हे सारे त्यांनी गावाकडून बरोबर घेतले होते. मुक्कामावर चुली पेटत आणि आपल्याच माणसांच्या हातचे खाऊन लोक उघड्यावर झोपत. सरकारकडे हक्क मागायला निघालेल्या या माणसांना पोटासाठी कोणाकडे काही मागायचे नव्हते. ११ मार्चच्या रात्री, दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांची सकाळी अडचण होऊ नये म्हणून, ते विश्रांती सोडून आझाद मैदानाकडे चालत राहिले. तेव्हा मुंबईच्या सर्व धर्मांच्या लोकांनी पाणी, खाणे, चपला पुढे केल्या आणि त्यांनी त्या घेतल्या. पदरी स्वतःचा शिधा असला, की दुसऱ्याचा घास घेताना मान खाली घालावी लागत नाही.

या 'स्वयं'ला सीमा मात्र आहेत. पूर्वी आपले हाजी मुंबईहून जहाजाने जेद्दाला जात. हा सागरी प्रवास १९९५ साली बंद झाला. मक्केच्या भाड्याच्या खोलीत शिजवण्यासाठी ट्रंकांतून डाळ-तांदूळ, मसाले, लोणची जात. परमुलखात घरच्या चवीने थकल्या हाजींना किती धीर दिला असेल, ते आपल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेच आहे. पण १५ एप्रिल १९९७ रोजी मिनाच्या तंबूंना आग लागली. स्वयंपाकाच्या गॅसने पेटलेल्या त्या आगीत ३४३ यात्रेकरू मृत्युमुखी पडले. त्यानंतर तिथे आग न पकडणारे तंबू आले आणि तंबूत शिजवण्यास बंदी झाली. या बंदीत चव गेली म्हणून कोणी हळहळेल, पण आपला जाळ शेजाऱ्याच्या तंबूपर्यंत पोहोचणार असेल, तर तो विझवणे हाही इबादतीचाच भाग आहे.

दुसरी सीमा मनाची आहे. आपल्या हातचेच खायचे, या नियमामागे कधी स्वावलंबन असते, कधी श्रद्धा असते आणि कधी नुसती भीती असते. आपल्याकडे हलाल-हरामची दक्षता आहे, शेजाऱ्याकडे सोवळे-ओवळे आहे, तिसऱ्याकडे कांदा-लसणाचे व्रत आहे. ज्याने त्याने आपला नियम पाळावा, यात वाईट काही नाही. वाईट तेव्हा होते, जेव्हा माणूस आपले ताट सांभाळायचे सोडून दुसऱ्याचा डबा तपासू लागतो. ऑगस्ट २०२४ मध्ये धुळ्याहून मुंबईला जाणाऱ्या गाडीत, आपल्याच जिल्ह्यातल्या इगतपुरीजवळ, एका वृद्ध मुसलमान प्रवाशाला सहप्रवाशांनी मारहाण केली. मुलीच्या घरी तो बरण्यांतून मांस घेऊन निघाला होता आणि ते गोमांस असल्याचा संशय त्यांनी घेतला. लेकीसाठी नेलेल्या शिदोरीची ही गत पाहिल्यावर, आपण डबा खिडकीकडे तोंड करून, झाकण अर्धेच उघडून खाऊ लागलो, तर त्याचा दोष कोणाला द्यावा?

तरीही भीतीला प्रवासाचा नियम होऊ देऊ नये, असे मला वाटते. कुरआनमध्ये सूरह निसाच्या ३६व्या आयतीत ज्यांच्याशी भलेपणाने वागायचे त्यांची यादी आहे. आईबाप, नातलग, अनाथ, गरीब, जवळचा शेजारी, दूरचा शेजारी, वाटसरू, आणि त्यांच्यासोबत 'बाजूला असलेला सोबती'. अनेक भाष्यकारांनी या सोबत्यात प्रवासातला सहप्रवासीही पाहिला आहे. म्हणजे चार तासांची गाठ असली, तरी शेजारधर्म लागू होतो. त्याचा धर्म कोणता, ही अट तिथे नाही.

हा शेजारधर्म कसा पाळावा, ते आमच्या दादीला ठाऊक होते. लहानपणी आम्ही नाशिकहून टेम्पोने खुलताबादच्या उरुसाला जात असू. येवल्याच्या पुढे एखाद्या विहिरीजवळ चूल मांडली जाई. घरी पाण्याचा पेलाही हातात मागणारे अब्बा त्या दिवशी कांदा चिरीत, चाचा सरपण गोळा करीत. एरवी बायकांची रांधणी तेवढी रानात हलवायची आणि मजा पुरुषांनी लुटायची, याला वाटेवरच्या स्वयंपाकाचा आनंद म्हणता येत नाही. दादी गोश्त बाहेर काढण्याआधी शेतवाल्याकडे माणूस पाठवून विचारून घेई. एका वर्षी शेतवाला माळकरी निघाला. दादीने गोश्त तसेच ठेवले आणि मसूरची डाळ चढवली. आपल्या हातचे शिजलेले त्यांना चालेल की नाही, हा अवघड प्रश्न तिने त्यांच्यापुढे येऊच दिला नाही. कोरा शिधा एका सुपात घालून पाठवला. सूप परत आले ते हिरव्या मिरच्या आणि ताकाचा तांब्या घेऊन.

कोरा शिधा देणे म्हणजे भिंत मान्य करणे, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. एका ताटात जेवण्याची मजल त्या दिवशी गाठली गेली नाही. पण कोणाचा नियम मोडला नाही आणि कोणी उपाशीही राहिले नाही. भिंतीला तेवढी खिडकी पडली.

स्वयंपाक आणि दस्तरखान हे दोन्ही शब्द मराठी मुसलमानाच्या घरचे आहेत. पहिला आपले आपण उभे राहायला शिकवतो, दुसरा शेजारच्यासाठी जागा करायला सांगतो. प्रवासात चूल मांडताना धूर कोणाच्या डोळ्यांत जातो आहे ते पाहावे, आणि पातेले उतरवण्याआधी बाजूला कोण बसले आहे, त्याला काय चालते, हे विचारून घ्यावे. त्याने नको म्हटले, तरी विचारलेले वाया जात नाही.